नोंद सापडते कशी? जनरल रजिस्टरपासून शोध-झाडापर्यंत



जून-जुलै आला की शाळेच्या ऑफिसात एक ओळखीचं काम वाढतं. कुणाला दुबार टी.सी. पाहिजे असते, कुणाला आजोबांचा निर्गम उतारा. "सर, साल नक्की सांगता येत नाही, पण आमचे वडील चौथीपर्यंत इथंच होते," असं म्हणणारे पालक टेबलासमोर उभे असतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, जन्मतारखेचा पुरावा अशी कामं त्या एका ओळीवर अडलेली असतात. ओळ रजिस्टरात असते. अडचण ती सापडण्याची असते.

या लेखात आपण 'शोधणं' या गोष्टीचाच पाठ करणार आहोत. कॉम्प्युटर लाखो नोंदींतून एक नोंद क्षणात काढतो, त्यामागे 'ट्री' म्हणजे झाडासारखी मांडणी असते. ती समजायला कॉम्प्युटर लागत नाही. खडू, फक्की, थोडी कार्डं आणि वर्गातली लेकरं एवढं पुरतं. चौथी ते आठवीच्या मुलांसोबत या कृती घेता येतात. लेखाच्या शेवटी हीच कल्पना आपल्या जनरल रजिस्टरला कशी लावायची तेही दिलं आहे.

१) एक-एक करून शोधणं

जनरल रजिस्टरात नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात. जो आधी आला त्याचा नंबर आधी. प्रवेश नंबर माहीत असेल तर शोधणं एकदम सोपं, पण आपल्याकडे येणारा माणूस नंबर घेऊन येत नाही, नाव घेऊन येतो. आणि नावाच्या दृष्टीने पाहिलं तर रजिस्टर म्हणजे विस्कटलेला ढीगच. मग पहिल्या पानापासून बोट फिरवत जायचं.

समजा शाळा जुनी आहे आणि रजिस्टरात ४,००० नावं आहेत. नशीब चांगलं असेल तर नाव पहिल्याच पानावर सापडेल, वाईट असेल तर शेवटच्या. सरासरी धरली तर निम्मी, म्हणजे २,००० नावं वाचावी लागतील.

आणि नाव सापडलंच नाही तर? चार हजार नावं वाचून डोळे थकलेले असतात. मधलं एखादं पान दोन पानं चिकटून सुटलं असेल, एखादं नाव नजरेतून निसटलं असेल. तरी आपल्याला लिहून द्यावं लागतं, 'नोंद आढळून येत नाही.' त्या एका वाक्यावर एखाद्या कुटुंबाचं काम थांबतं. म्हणून चांगल्या मांडणीकडून दोन गोष्टी हव्यात. असलेली नोंद लवकर सापडावी, आणि नसलेली नोंद 'नाही' असं खात्रीने सांगता यावं. ही दुसरी गोष्ट बऱ्याचदा आपल्या लक्षात येत नाही.

२) खेळ : मनातला अंक ओळखा

मुलांना सांगा, "मी १ ते १०० मधला एक अंक मनात धरलाय. तुम्ही प्रश्न विचारा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन." मुलं सुरुवातीला काय विचारतात? "१२ आहे का?" "७७ आहे का?" प्रत्येक प्रश्नाला एकच अंक बाद होतो.

दोन-तीन डाव झाले की एखादं लेकरू विचारतं, "५० पेक्षा मोठा आहे का?" इथं थांबा आणि वर्गाला विचारा, या प्रश्नाने किती अंक बाद झाले? पन्नास! मग सगळ्यांना तसेच प्रश्न विचारू द्या. समजा अंक ३७ आहे.

५० पेक्षा मोठा? नाही. उरले १ ते ५०.
२५ पेक्षा मोठा? हो. उरले २६ ते ५०.
३८ पेक्षा मोठा? नाही. उरले २६ ते ३८.
३२ पेक्षा मोठा? हो. उरले ३३ ते ३८.
३५ पेक्षा मोठा? हो. उरले ३६, ३७, ३८.
३७ पेक्षा मोठा? नाही. उरले ३६ आणि ३७.
३६ पेक्षा मोठा? हो. म्हणजे ३७!

सात प्रश्न झाले. मुलांनी कोणताही अंक धरला तरी निम्मे-निम्मे करत गेलं तर सातपेक्षा जास्त प्रश्न लागत नाहीत. कारण २ ला सात वेळा गुणलं की १२८ होतात, आणि १२८ मध्ये १०० मावतात. मोठ्या मुलांना फळ्यावर दुपटीचा तक्ता करायला लावा. ४,००० नावांना १२ प्रश्न (कारण १२ दुपटींत ४,०९६ होतात), एक लाखाला १७, एक कोटीला २४. नावं चार हजारांवरून एक कोटी झाली, म्हणजे अडीच हजार पट वाढली, तरी प्रश्न फक्त दुप्पट झाले. सातवी-आठवीत घातांक शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. कोश मधोमध उघडतो, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते बघतो, आणि उरलेला अर्धा भाग सोडून देतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात सुमारे साठ हजार शब्द आहेत. या रीतीने गेलं तर त्यातला कोणताही शब्द १६ पायऱ्यांत सापडायला पाहिजे. हे जमतं, कारण कोशकर्त्यांनी ते शब्द आधीच क्रमाने लावून ठेवले आहेत. कष्ट त्यांनी केले, वेळ आपला वाचला.

३) क्रम लावला, पण नवीन नाव आलं तर?

मग रजिस्टरही अकारविल्हे लिहावं का? नाही जमणार. छापलेला कोश वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण शाळेत दर जूनला नवीन मुलं येतात. 'गणेश' आणि 'चैतन्य' यांच्यामध्ये 'गोविंद' आला तर खालची सगळी नावं एकेक ओळ सरकवावी लागतील. शाईने लिहिलेल्या रजिस्टरात ते शक्य नाही. कॉम्प्युटरला शक्य असतं, पण लाखो नोंदी सरकवण्यात त्याचाही वेळ जातोच.

इथं झाडाची कल्पना कामाला येते. हे झाड उलटं असतं. मूळ वर, फांद्या खाली. आपल्याला ते नवीन नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ असाच वर मूळ असलेला आहे, आणि घराण्याची वंशावळही आपण वरून खालीच काढतो. जिथून फांद्या फुटतात त्या जागेला आपण 'गाठ' म्हणू. प्रत्येक गाठीवर एक नाव, आणि तिला जास्तीत जास्त दोन फांद्या, एक डावी आणि एक उजवी. याला इंग्रजीत बायनरी सर्च ट्री म्हणतात. आपण शोध-झाड म्हणूया.

कृती : मैदानावर शोध-झाड

साहित्य : फक्की, मुलांच्या नावांची कार्डं.

मैदानावर फक्कीने वर एक गोल काढा, त्याखाली दोन गोल, त्याखाली चार, त्याखाली आठ, आणि रेषांनी जोडा. नियम तीनच.

- गाठीवर उभ्या असलेल्या मुलाचं नाव ऐका. आपलं नाव वर्णमालेत त्याच्या आधी येत असेल तर डावीकडच्या रेषेने जा.
- नंतर येत असेल तर उजवीकडच्या रेषेने जा.
- गोल रिकामा दिसला की तिथेच उभे राहा.

समजा मुलं या क्रमाने आली : दत्ता, गणेश, पूजा, अंकिता, चैतन्य, नंदिनी, शुभम. दत्ता सगळ्यात वर. गणेश त्याच्या डावीकडे, पूजा उजवीकडे. अंकिता दत्ताच्या आधी म्हणून डावीकडे, गणेशच्याही आधी म्हणून त्याच्या डावीकडे. चैतन्य दत्ताच्या आधी पण गणेशच्या नंतर, म्हणून गणेशच्या उजवीकडे. नंदिनी पूजाच्या डाव्या हाताला, शुभम पूजाच्या उजव्या हाताला.

आता उशिरा आलेली राधिका. दत्ताच्या नंतर, उजवीकडे. पूजाच्या नंतर, पुन्हा उजवीकडे. शुभमच्या आधी, डावीकडे. गोल रिकामा, उभी राहा. बघा, आधीच्या सात जणांपैकी एकालाही जागा सोडावी लागली नाही.

शोधायचं असेल तरी नियम तेच. "संदीप आहे का?" दत्ताच्या नंतर, पूजाच्या नंतर, शुभमच्या नंतर. उजवीकडचा गोल रिकामा. म्हणजे संदीप नाही, आणि तो दुसऱ्या कुठल्या फांदीवर असूच शकत नाही. तीन नावं वाचून आपण खात्रीचं 'नाही' सांगितलं. मघाशी आपल्याला हवं होतं ते हेच.

जाता जाता एक गंमत. "आधी डावीकडचे, मग मी, मग उजवीकडचे" असं प्रत्येकाने पाळून नावं म्हटली तर आपोआप अंकिता, गणेश, चैतन्य, दत्ता, नंदिनी, पूजा, राधिका, शुभम अशी अकारविल्हे यादी ऐकू येते. मुलांना हे स्वतःच्या तोंडून म्हणायला लावा, फार आवडतं.

४) झाड एकाच बाजूला झुकलं तर

आता त्याच मुलांना हजेरीपटाच्या क्रमाने सोडा. अंकिता वर. गणेश तिच्या उजवीकडे, चैतन्य गणेशच्या उजवीकडे, दत्ता चैतन्यच्या उजवीकडे... (गोल कमी पडतील, फक्कीने पुढे काढत जा.) झाड कुठं राहिलं? ही तर रांग झाली. शुभमला शोधायचं तर सगळ्यांना विचारत जावं लागणार. म्हणजे आपण परत पहिल्या पानावरून बोट फिरवण्यापाशी आलो.

यावर १९६२ साली सोव्हिएत रशियातल्या अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोन गणितज्ञांनी उपाय मांडला. प्रत्येक गाठीच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या उंचीत एकापेक्षा जास्त पायरीचा फरक पडू द्यायचा नाही. फरक पडला की तिथल्या तिथे गाठ फिरवायची. अंकिता, गणेश, चैतन्य अशी उजवीकडे रांग झाली की गणेशला वर घ्या, अंकिता त्याच्या डावीकडे आणि चैतन्य उजवीकडे. क्रम तोच राहिला, उंची कमी झाली. दोघांच्या नावांवरून या झाडाला एव्हीएल ट्री म्हणतात. मैदानावर तीन मुलांना हे एकदा फिरवून दाखवा, सगळं कळतं.

५) एका गाठीत अनेक नावं : बी-ट्री

आतापर्यंत आपण नावं किती वाचली ते मोजलं. पण शाळेत खरा वेळ कशात जातो? कपाटापाशी जाण्यात, गठ्ठा सोडण्यात, रजिस्टर काढण्यात. एकदा पान समोर आलं की त्यावरची नावं वाचायला काही वेळ लागत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. डिस्कवरून एक पान उचलून आणणं हे महागडं काम, आणि आणलेल्या पानात शोधणं स्वस्त काम. मग प्रत्येक फेरीला एकच नाव का आणायचं?

बोइंग या विमान कंपनीच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या रुडॉल्फ बेयर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास यातून 'बी-ट्री' तयार केलं. याच्या एका गाठीत अनेक नावं क्रमाने असतात, आणि दोन नावांच्या मधून एकेक फांदी निघते. समजा एका पानातून १०० फांद्या निघतात. पहिलं पान वाचलं की आपण शंभरातल्या एका वाटेला लागलो, दुसरं पान वाचलं की दहा हजारांतल्या, तिसरं वाचलं की दहा लाखांतल्या एका वाटेला. तीन फेऱ्यांत दहा लाख!

पान भरलं की काय करायचं, याचा नियम फार सुंदर आहे. वर्गात जाड कागदाची पाकिटं घ्या. एका पाकिटात चारच कार्डं मावतात असं ठरवा. पाकिटात १२, २५, ३१, ४८ आहेत आणि ४० आलं. क्रम लावा : १२, २५, ३१, ४०, ४८. मधलं ३१ वरच्या पाकिटात पाठवा. १२ आणि २५ डाव्या पाकिटात, ४० आणि ४८ उजव्या पाकिटात. वरचं पाकीट भरलं तर त्यालाही हाच नियम. म्हणजे हे झाड खालून लोंबत वाढत नाही, ते वरच्या बाजूने वाढतं, त्यामुळे सगळ्या फांद्या सारख्याच लांबीच्या राहतात. झुकण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्या भागातलं ओळखीचं उदाहरण घ्या. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जुना जिल्हा मोठा होता, त्याचे दोन भाग झाले, आणि वरच्या राज्याच्या यादीत एक नवं नाव वाढलं. गावं जिथल्या तिथे राहिली, फक्त काही गावांची वरची फांदी बदलली. बी-ट्रीमध्ये भरलेली गाठ अशीच फुटते.

बँकेतलं खातं असो की ऑनलाइन फॉर्म, आजच्या बहुतेक डेटाबेसमध्ये या बी-ट्रीचंच कुठलं तरी रूप असतं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलमधली संपर्क यादी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असते, तोही बी-ट्रीवरच चालतो.

६) अंकांचं आणि अक्षरांचं झाड

झाडाचा आणखी एक प्रकार आपण रोज लिहितो, तो म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशात सुरू झाला. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले वेलणकर टपाल खात्यात मोठ्या पदावर होते आणि संस्कृतचे नावाजलेले कवीही होते. सारख्याच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, यामुळे पत्रं चुकत होती, त्यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला.

सोनपेठचा पिन ४३१५१६. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. दुसऱ्या अंकाने त्यातला उपविभाग ठरतो. ४३१ म्हटलं की आपण मराठवाड्यात आलो. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड या भागातले पिन ४३१ ने सुरू होतात. शेवटचे तीन अंक आपलं पोस्ट ऑफिस सांगतात. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, पण पत्र वेगळं करणाऱ्याला त्यांची यादी वाचावी लागत नाही. एकेक अंक वाचायचा आणि एकेक फांदी उतरायची.

आपल्या शाळेचा यू-डायस कोडही असाच आहे. अकरा अंक, त्यातले पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, १७ म्हणजे परभणी. मुलांना शाळेचा कोड फळ्यावर फोडून दाखवा. शेजारच्या गावच्या शाळेचा कोड घेऊन विचारा, कुठल्या अंकापर्यंत सारखा आहे? जितके अंक सारखे, तितकी शाळा जवळची.

अंकांऐवजी अक्षरं घेतली की अक्षरांचं झाड होतं. कॉम्प्युटरवाले याला 'ट्राय' म्हणतात. क पासून सुरुवात करा. क च्या खाली म आणि ल. म च्या खाली ल (कमल), ळ (कमळ), र (कमर). ल च्या खाली म (कलम) आणि श (कलश). मोबाइलवर दोन अक्षरं टाइप केली की पुढचा शब्द सुचवला जातो, त्यामागे अशी झाडं वापरता येतात. दुसरी-तिसरीच्या वर्गात हे शब्दसंपत्तीसाठी फार चांगलं साधन आहे. भिंतीवर फांद्या काढा आणि मुलांना रोज एक पान चिकटवू द्या.

७) मराठीची स्वतःची अडचण

झाड कोणतंही असो, त्याला एक गोष्ट लागतेच. क्रम सगळ्यांनी एकच मानला पाहिजे. मराठी नावं लावताना इथं खरी कसोटी लागते.

आपल्या वर्णमालेत ळ शेवटी, ह च्या नंतर येतो. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये मात्र ळ ची जागा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. म्हणून वर्णमालेप्रमाणे आधी 'कावरे' आणि मग 'काळे', पण नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर आधी 'काळे' आणि मग 'कावरे'. यादी एका क्रमाने लावली आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने गेला, तर असलेलं नावही सापडणार नाही. क्ष चंही तसंच. पाठ म्हणताना तो शेवटी, पण क् आणि ष मिळून झाला म्हणून अनेक कोशांत तो क मध्ये.

दुसरी अडचण लेखनाची. 'ऋतुजा' आणि 'रुतुजा' हे एकाच मुलीचं नाव, पण एक स्वरांच्या फांदीवर आणि एक र च्या फांदीवर. 'पांडुरंग' आणि 'पांडूरंग', 'शिंदे' आणि 'शिन्दे' हेही आपण नेहमी बघतो. वरच्या गाठीवर चुकीचं वळण घेतलं की खाली कितीही नीट शोधलं तरी उपयोग नाही. शुद्धलेखन कशाला, असं मुलं विचारतात, तेव्हा हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

तिसरी अडचण आपल्या मराठवाड्याची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कारभार उर्दूत चालायचा, काही जुनी दप्तरं मोडीत आहेत. पुष्कळ जुन्या नोंदींत आडनावच नसतं, 'मारोती वल्द किसन' एवढंच असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातलं महसुली दप्तर आणि शाळांची रजिस्टरं पानापानाने तपासली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. कोणाला काय मिळावं हा या लेखाचा विषय नाही. पण जिथे नावांची सूची नाही तिथे शोध किती महाग पडतो, हे आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. पानांचे फोटो काढून ठेवले तर कागद वाचतो, पण नाव शोधायला फोटोही पानापानानेच बघावे लागतात. फोटो काढणं वेगळं आणि सूची करणं वेगळं.

८) आपल्या रजिस्टरची सूची कशी करायची?

मूळ जनरल रजिस्टरला हात लावायचा नाही. त्यात खाडाखोड नाही, खुणा नाहीत. सूची वेगळ्या वहीत किंवा एक्सेलमध्ये करायची.

- सूचीत चारच रकाने पुरेत : नाव, जन्मसाल, रजिस्टर क्रमांक, प्रवेश नंबर. सगळी माहिती उतरवायची नाही. सूचीचं काम फक्त वाट दाखवण्याचं आहे.
- दोन सूच्या करा, एक आडनावाने आणि एक पहिल्या नावाने. रजिस्टर एकच, पण त्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. आडनाव नसलेल्या जुन्या नोंदी दुसऱ्या सूचीत सापडतील. डेटाबेसमध्येही एकाच तक्त्यावर अशा अनेक सूच्या ठेवतात.
- वही असेल तर प्रत्येक अक्षराला वेगळी पानं सोडा. ग, प, र, श, स यांसारख्या अक्षरांची नावं आपल्याकडे भरपूर असतात, तिथे जास्त पानं सोडा आणि पुढे 'स, सा, सु' असे पोटभाग करा. पाकीट भरलं की फोडायचं, हा नियम आठवा.
- नाव रजिस्टरात जसं आहे तसंच लिहा, सुधारू नका. दुसऱ्या लेखनाच्या जागी एक ओळ टाका : 'रुतुजा, पाहा ऋतुजा'.
- ळ, क्ष, ज्ञ आणि अनुस्वाराची नावं कुठे लावली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपली बदली झाली तरी पुढच्या शिक्षकाला वाट कळली पाहिजे.
- दर जूनला नवीन प्रवेश झाले की त्याच आठवड्यात सूचीत चढवा. सूची अर्धवट राहिली की 'नाही' हे उत्तर खात्रीचं राहत नाही.
- ही सूची ऑफिसातच राहू द्या. त्यात लोकांची नावं आणि जन्मसालं आहेत, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही.

रोज एका शिक्षकाने वीस नावं चढवली तर चार हजार नावांना दोनशे दिवस लागतात, म्हणजे साधारण एक शैक्षणिक वर्ष. दोघांनी मिळून केलं तर निम्मा वेळ. हे काम दिसत नाही, त्याचा फोटोही कुणी काढत नाही. पण एकदा झालं की पुढच्या प्रत्येक माणसाचे दोन-तीन तास वाचतात, आणि मजुरी बुडवून दुसऱ्यांदा यावं लागत नाही.

एक मर्यादाही सांगतो. पंचवीस मुलांच्या वर्गात नाव शोधायला झाड कशाला? हाक मारली की झालं. नोंदी थोड्या असतील किंवा एकदाच शोधायचं असेल तर एक-एक करून पाहणंच सोपं. पुन्हा पुन्हा शोधावं लागतं आणि नोंदी वाढत जातात, तिथे सूचीचे कष्ट फिटतात.

मुलांसाठी स्वाध्याय

१. १ ते १,००० मधला अंक ओळखायला जास्तीत जास्त किती प्रश्न लागतील? (उत्तर : १०. कारण सांगायला लावा.)
२. घरातल्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने घेऊन शोध-झाड काढा. मग तीच नावं वेगळ्या क्रमाने घेऊन काढा. कोणतं झाड जास्त उंच झालं? का?
३. मामाच्या आणि मावशीच्या गावाचा पिन कोड आणा. आपल्या पिनशी किती अंक जुळतात?
४. 'प' पासून सुरू होणाऱ्या दहा शब्दांचं अक्षर-झाड काढा.
५. पालकांसाठी : घरातली कागदपत्रं (टी.सी., सातबारा, बँक पासबुक, आधार) एका फाइलमध्ये विभागांनी लावा, आणि वरच्या पानावर कुठल्या विभागात काय आहे ते मुलांकडून लिहून घ्या.

या कृती वर्गात घेतल्या तर कोणत्या इयत्तेला काय जमलं ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत नक्की सांगा. आणि सूचीची वही याच आठवड्यात घाला. पहिल्या दिवशी फक्त 'अ' च्या पानावर पाच नावं चढवली तरी सुरुवात झाली.